शीव, नकाशा आणि संघ

गावाचा संघ सामना जिंकून परतला म्हणजे सारे गाव त्याला सामोरे जाते. ज्यांनी उभ्या जन्मात चेंडू हाती धरला नाही तेही त्या दिवशी ‘आपण जिंकलो’ असे म्हणतात, आणि या ‘आपण’ शब्दाला कोणी हरकत घेत नाही. मात्र हरलेल्या गावातील एखादा मनुष्य हळूच विचारतो, “तुमचा तो चेंडू टाकणारा तुमच्या गावचा कधीपासून झाला?” आणि आनंदावर विरजण पडते. हा प्रश्न वरकरणी कुरापतीचा वाटला तरी तो पोरकट नव्हे. बेसबॉल या अमेरिकेच्या लाडक्या खेळाने याच एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात दीड शतकाहून अधिक काळ घालविला आहे. हौशी खेळाडूने कोणत्या गावाकडून खेळावे, त्याने तेथे किती दिवस राहिलेले असावे, आणि गावाची हद्द कोठे संपते असे समजावे, याविषयीच्या नियमांचा इतिहास आज आपणांस पाहावयाचा आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. एका बाजूस नऊ खेळाडू असतात. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये गोलंदाज आलटून पालटून येतात, तसे येथे होत नाही. एकच पिचर बराच वेळ, आणि पूर्वी तर बहुधा सामना संपेपर्यंत, चेंडू टाकीत असतो. साहजिकच पिचर असामान्य असला की उरलेले आठ जण बेताचे असूनही संघ जिंकू शकतो. बाहेरगावचा माणूस आणण्याचा मोह उत्पन्न होतो तो मुख्यतः या एका जागेपायी.

इ. स. १८५७ मध्ये न्यूयॉर्क आणि त्याच्या आसपासच्या क्लबांनी एकत्र बसून खेळाचे नियम ठरविले. सामना नऊ डावांचा असावा हे याच बैठकीत निश्चित झाले. त्याच नियमावलीत आणखी एक कलम होते. खेळाडू ज्या क्लबाकडून खेळणार, त्या क्लबाचा तो सामन्यापूर्वी निदान तीस दिवस सभासद असला पाहिजे, आणि त्या मुदतीत अन्य कोणत्याही क्लबाचा सभासद असता कामा नये. आपल्या विषयाचा उगम या कलमात आहे. त्यात घराचा, जन्माचा किंवा शिवेचा उल्लेख नाही; मोजावयाचा आहे तो फक्त काळ. तीस दिवस जो आमच्यात वावरला तो आमचा, इतका हा साधा हिशेब होता. पैसे घेऊन खेळण्यासही लौकरच बंदी घालण्यात आली. क्लब हे गृहस्थांचे, कारकुनांचे आणि कारागिरांचे मंडळ असावे आणि खेळ हा फावल्या वेळेचा विरंगुळा असावा, अशी त्या मंडळींची कल्पना होती.

पण सामन्यांना गर्दी लोटू लागली, तिकिटे विकली जाऊ लागली, पैजा लागू लागल्या, आणि तीस दिवसांचे कुंपण ठेंगणे पडले. एका हंगामात या क्लबाकडे तर दुसऱ्या हंगामात त्या क्लबाकडे जाणाऱ्या खेळाडूंची एक जातच निर्माण झाली.  लोक या फिरत्या खेळाडूंना ‘रिव्हॉल्व्हर’ म्हणू लागले. उघड पगार देता येत नसे, म्हणून क्लबांनी आडवाट काढली. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स या क्लबातील कित्येक खेळाडू सरकारी खजिन्याच्या खात्यात कारकून म्हणून नोंदविलेले होते. त्यांपैकी जॉर्ज राइट या विख्यात खेळाडूचा १८६७ मधील कामाचा पत्ता क्लबाच्या कागदपत्रांत दिलेला होता. तो शोधीत गेल्यास तेथे कचेरी नव्हे तर सार्वजनिक बाग होती, असे सांगतात. पत्ता कागदावर बिनचूक आणि माणूस मात्र भलतीकडे, हा प्रकार या इतिहासात आपल्याला पुनःपुन्हा भेटणार आहे.

अखेरीस दांभिकपणाचा सर्वांनाच कंटाळा आला. १८६९ च्या हंगामापासून धंदेवाईक खेळाडूंना मान्यता मिळाली, आणि सिन्सिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज या क्लबाने सबंध संघच पगारी असल्याचे उघडपणे जाहीर केले. हॅरी राइट हा त्याचा नायक आणि त्याचा भाऊ जॉर्ज हा प्रमुख खेळाडू. जॉर्जला हंगामाचे १,४०० डॉलर मिळत. त्या वर्षी हा संघ कोठेही हरला नाही. सिन्सिनाटी शहराची छाती अभिमानाने फुगली. मात्र या दहा वीरांपैकी खुद्द सिन्सिनाटीचा असा एकच होता, चार्ली गूल्ड. पुढील वर्षी, १४ जून १८७० रोजी, ब्रुकलिनच्या अटलांटिक क्लबाने अकरा डावांच्या झुंजीनंतर त्यांना ८ विरुद्ध ७ असे हरविले. लोकांचा उत्साह ओसरला, खर्च परवडेना, आणि हंगामाअखेर क्लबाने पगारी संघ मोडला. राइट बंधू बोस्टनला गेले, आणि जाताना ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही बरोबर घेऊन गेले. शहराला तोवर वाटत होते की संघ आपला आहे. विकत घेतलेली वस्तू आपली असते खरी. पण विकत घेतलेली माणसे पगार संपताच आपली राहत नाहीत, हा धडा सिन्सिनाटीने पहिल्यांदा घेतला.

यानंतर धंदेवाईक बेसबॉल मोठ्या शहरांच्या मार्गाने गेला. आपल्याला जावयाचे आहे ते लहान गावांकडे, कारण रहिवासाचा प्रश्न खरा जिव्हाळ्याचा झाला तो तेथे. अमेरिकेच्या उत्तरेस मिनेसोटा नावाचे शेतीप्रधान राज्य आहे. तेथे गावोगाव हौशी संघ होते, आणि त्यांची राज्यस्पर्धा १९२४ पासून भरू लागली. रविवारी दुपारी चर्च सुटले की मंडळी मैदानाकडे वळत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर या खेळाला असे भरते आले की १९५० मध्ये राज्यात नोंदलेल्या संघांची संख्या आठशेच्या घरात पोहोचली. ज्या गावात दुकाने दहापाच, त्या गावालाही स्वतःचा संघ आणि स्वतःचे मैदान असे.

स्पर्धा आली की ईर्षा आली. शेजारच्या गावाने शहरातून पिचर आणला म्हणजे आपणही आणला पाहिजे. व्यापारी वर्गणी काढीत. नव्या माणसाला पगार देत, किंवा एखाद्या दुकानात, एखाद्या कारखान्यात नावापुरती नोकरी देत. हंगामाच्या आरंभी परका मनुष्य गावात भाड्याची खोली घेई, आणि शेवटचा सामना झाला की खोली रिकामी होई. तो त्या गावचा रहिवासी होता काय? कायद्याने होता, गावकीने नव्हता. मिनेसोटाच्या हौशी संघटनेने यावर तोडगा काढला तो व्यवहारी होता. बाहेरचे खेळाडू घ्यावयाचे की नाही आणि घेतल्यास किती, यावरून तिने संघांचे वर्ग पाडले. ज्यांना परगावच्या खेळाडूंवर पैसा उधळावयाचा आहे त्यांनी वरच्या वर्गात आपापसांत झुंजावे. ज्यांना गावच्याच मुलांवर भिस्त ठेवावयाची आहे त्यांना खालच्या वर्गात बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळावा.

याचा परिणाम काय झाला हे पाहण्याजोगे आहे. पैसेवाल्या गावांची चढाओढ १९५० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्याच अंगाशी आली. घरोघर दूरचित्रवाणी पोहोचली, प्रेक्षक घटले, वर्गणी आटली, आणि पगारी खेळाडूंवर उभे असलेले बडे हौशी संघ त्या दशकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडले. १९६१ मध्ये मिनेसोटाला पहिल्या प्रतीचा धंदेवाईक संघ मिळाल्यावर तर परगावचे पाहुणे बघण्यासाठी आपल्या गावच्या मैदानावर जाण्याचे कारणच उरले नाही. परंतु ज्या संघांत गावचाच शाळामास्तर, गावचाच शेतकरी आणि त्याचा मुलगा खेळत होता, त्यांतील पुष्कळ संघ टिकून राहिले आणि आजही खेळत आहेत. लहान गावांसाठी पुढे तेथे ३० मैलांचा नियम रूढ झाला. घरच्या मैदानाला मध्य कल्पून ३० मैलांचे वर्तुळ काढावयाचे. त्याच्या आत राहणारा तो आपला. गावाच्या शिवेपेक्षा हे वर्तुळ कितीतरी मोठे आहे, कारण खेड्यांची वस्ती विरळ होत गेली आहे. नियम जगावयाचा तर त्याला माणसांच्या मागे थोडे चालावे लागते, याचे हे उदाहरण होय.

श्रोतेहो, येथवरच्या कथेवरून असे वाटेल की बाहेरचा खेळाडू म्हणजे पैशाचा चाकर आणि शिवेचा नियम म्हणजे गावाचा कैवारी. पण कथेला दुसरी बाजू आहे. हे बाहेरचे लोक कोण होते, हेही विचारले पाहिजे. १९२४ मध्ये मिनेसोटातील बर्था नावाच्या चिमुकल्या गावाने जॉन डोनाल्डसन नावाचा पिचर आणला. तो मूळचा मिसूरी राज्यातील ग्लासगोचा. त्याच्या डावऱ्या हाताची कीर्ती सर्वत्र झालेली होती, तरीही मोठ्या धंदेवाईक संघांची दारे त्याला बंद होती, कारण तो कृष्णवर्णीय होता. मोठ्या लीगमधील कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही, बर्थाने घेतले. उत्तर डाकोटा राज्यातील बिस्मार्क गावी नील चर्चिल नावाचा मोटारींचा व्यापारी होता. त्याने १९३३ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये अलाबामातील सॅचेल पेज या थोर कृष्णवर्णीय पिचरला पाचारण केले. १९३५ मध्ये कॅन्ससमधील विचिटा येथे अर्धधंदेवाईक संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. बिस्मार्कचा गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंचा मिळून बनलेला संघ ती जिंकून आला. मोठ्या लीगमधील वर्णभेदाची भिंत त्यानंतर बारा वर्षांनी, १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सनच्या प्रवेशाने पडली. रहिवासाचा नियम काटेकोर पाळला असता तर डोनाल्डसन आणि पेज यांना त्या मैदानांवर पाऊलही टाकता आले नसते. ज्याला सर्वांनीच गावकुसाबाहेर ठेवले, त्याने कोणत्या गावचा रहिवासी असल्याचा दाखला आणावा?

आता मुलांच्या खेळाकडे वळू, कारण शिवेचा नियम सर्वांत कडक झाला तो तेथे, आणि त्याची सर्वांत जड किंमत दिली गेली तीही तेथेच. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाचा एक सामान्य नोकरदार राहत होता. पुतण्यांशी चेंडू खेळताना लायलॅकच्या झुडपाला त्याचा घोटा खरचटला. दुखरा पाय धरून बसला असता त्याच्या मनात आले की, मोठ्या माणसांचे मैदान लहान मुलांना मोठे पडते, तेव्हा त्यांच्या मापाचे मैदान आणि त्यांच्या मापाची स्पर्धा का असू नये? ६ जून १९३९ रोजी ‘लिटल लीग’चा पहिला सामना झाला. संघ तीन होते, आणि त्यांना आश्रय होता तो एका दुग्धालयाचा, एका लाकूडवखारीचा आणि एका खाद्यपदार्थाच्या कंपनीचा.

ही चळवळ पसरू लागली तशी तिला शीव आखावी लागली. प्रत्येक स्थानिक लीगने आपल्या मुलुखाचा नकाशा काढावयाचा, रस्त्यांची नावे घालून हद्दी दाखवावयाच्या, आणि त्या हद्दीत राहणारी मुलेच खेळवावयाची. एका हद्दीत किती वस्ती असावी यालाही मर्यादा होती. पुढे ती वीस हजारांवर ठरली. यामागील विचार सरळ आहे. हद्द नसेल तर लक्षावधी वस्तीचे शहर आपली निवडक बारा मुले घेऊन येईल आणि चार हजार वस्तीच्या गावाला चिरडून टाकील. हद्द असेल तर दोघेही एका मापाने मोजले जातात. १९४७ पासून विल्यम्सपोर्टला मुलांची अंतिम स्पर्धा भरू लागली, आणि स्थानिक लीगच्या निवडक मुलांचा संघ जिल्हा, राज्य, विभाग अशा पायऱ्या चढत तेथवर जाऊ लागला. संघाबरोबर जन्माचे दाखले, राहण्याच्या जागेचे पुरावे आणि तो नकाशा यांचे बाड असते. कालांतराने नियम थोडा मऊ झाला. आता मुलाचे घर हद्दीत नसले तरी त्याची शाळा हद्दीत असली तर चालते, आणि कुटुंबाने घर बदलल्यास काही अटींवर त्याला जुन्या लीगमध्ये राहता येते.

नियमांचे हेच बाड माणसाच्या हातात कसे वळते, हे १९५५ मध्ये दिसले. दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीटवरील वाय.एम.सी.ए.ने कृष्णवर्णीय मुलांची लीग चालविली होती. तिने सर्व अटी पाळून आपला संघ स्पर्धेसाठी नोंदविला. त्यांच्याविरुद्ध खेळावे लागू नये म्हणून गोऱ्यांच्या लीगनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. अशा रीतीने ही मुले एकही सामना न खेळता राज्याची विजेती ठरली. पण पुढच्या पायरीवर नियम आडवा आला. पुढे जावयाचे तर सामना खेळून जिंकलेला असला पाहिजे. प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून मिळालेला जय उपयोगाचा नाही. चूक ज्यांची होती ते घरी स्वस्थ बसले, आणि शिक्षा भोगली ती निर्दोष मुलांनी. संघटनेने त्यांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलाविले. मुले मैदानावर सरावापुरती उतरली, तेव्हा प्रेक्षकांतून ‘यांना खेळू द्या’ असा घोष उठला. त्यांना खेळू दिले गेले नाही. २००२ मध्ये त्याच मैदानावर त्यांचा गौरव झाला आणि १९५५ च्या राज्य-अजिंक्यपदाचे निशाण त्यांना देण्यात आले. तेव्हा ती बारा वर्षांची मुले साठीच्या उंबरठ्यावर होती.

पुढे लिटल लीग समुद्रापार गेली, आणि गावाच्या शिवेच्या जागी राष्ट्राची शीव येऊन बसली. १९६९ मध्ये तैवानच्या ‘सुवर्ण नाग’ संघाने प्रथमच जगज्जेतेपद मिळविले. संघ नावाने ताइचुंग शहराचा, पण त्यात मुले होती ती बेटाच्या निरनिराळ्या भागांतून निवडलेली. तैवानची राजकीय प्रतिष्ठा त्या काळी पणाला लागली होती; १९७१ मध्ये त्याचे संयुक्त राष्ट्रसंघातील स्थानही गेले. अशा वेळी मुलांचा विजय हा राष्ट्राचा आधार झाला. १९६९ ते १९९६ या काळात तैवानने सतरा वेळा अजिंक्यपद पटकाविले. अमेरिकेत कुरबुर वाढली, आणि १९७५ मध्ये तर एका वर्षापुरते परदेशी संघांना अंतिम स्पर्धेत मज्जावच करण्यात आला. पुढे हद्द आणि शाळा यांविषयीचे नियम कडक रीतीने लावले जाऊ लागताच १९९७ मध्ये तैवानने लिटल लीग सोडली. काही वर्षांनी तो परतला. आणि २०२५ मध्ये तैपेईच्या मुलांनी पुन्हा अजिंक्यपद मिळविले, तब्बल एकोणतीस वर्षांनी. नियम सोडून मिळालेल्या कीर्तीपेक्षा नियमात राहून आलेले हे दीर्घ प्रतीक्षेचे यश मला अधिक मोलाचे वाटते.

फिलिपीन्सची गोष्ट अधिक कटू आहे. १९९२ च्या अंतिम सामन्यात झांबोआंगा शहराच्या संघाने कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या मुलांना १५ विरुद्ध ४ असे हरविले. विजयाचा जल्लोष चालू असतानाच फिलिपीन्सच्याच पत्रकारांनी शोध घेतला, आणि संघातील अनेक मुले झांबोआंगाच्या हद्दीबाहेरची असल्याचे उघड केले. अजिंक्यपद काढून घेऊन लाँग बीचला देण्यात आले. आपल्याच देशाचा जय खोटा आहे असे छापणे सोपे नसते. त्या पत्रकारांना देशद्रोही म्हणणारेही निघाले असतील. पण हद्दीचा नियम खऱ्या अर्थाने पाळला तो त्यांनीच. लाँग बीचने पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, मैदानावर खेळून अजिंक्यपद मिळविले आणि आदल्या वर्षाची हुरहुर भरून काढली.

जपानने मात्र शाळकरी खेळाडूंसाठी निराळी वाट चोखाळली आहे. तेथील माध्यमिक शाळांची उन्हाळी स्पर्धा १९१५ पासून चालत आली असून कोशिएन मैदानावरील तिचे सामने सारा देश पाहतो. १९७८ पासून प्रत्येक प्रांताचा निदान एक संघ तेथे येतो. परप्रांतातील मुलाने शाळेत आरंभीच नाव घातले तर त्याला मनाई नाही. परंतु मध्येच शाळा बदलली, तर सामान्यतः वर्षभर त्याला सामने खेळता येत नाहीत. पुढे जगप्रसिद्ध झालेला पिचर मासाहिरो तनाका हा मूळचा ह्योगो प्रांताचा. तो दूर उत्तरेकडील होक्काइडो बेटावरील शाळेत शिकला, आणि २००५ मध्ये त्या शाळेचा संघ कोशिएनला अजिंक्य ठरला. कोशिएनचे मैदान ह्योगो प्रांतातच आहे. म्हणजे हा मुलगा परक्या प्रांताचे निशाण घेऊन स्वतःच्या प्रांतात जिंकून गेला, आणि होक्काइडोच्या लोकांनी त्याला आपलाच मानले. १८५७ च्या त्या तीस दिवसांची येथे आठवण होते. घर कोठे आहे यापेक्षा आमच्यात किती काळ राहिलास, हे विचारणारी ही जुनीच रीत आहे.

आता शेवटची आणि सर्वांत वादग्रस्त घटना. शिकागो शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. तेथे १९७१ मध्ये ‘जॅकी रॉबिन्सन वेस्ट’ नावाची लीग स्थापन झाली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये या लीगच्या मुलांनी लास वेगासच्या माउंटन रिज संघाला ७ विरुद्ध ५ असे हरवून अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले. जागतिक अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाच्या सेऊलने त्यांना हरविले, पण शिकागोत त्यांची मिरवणूक निघाली आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी बोलावून घेतले. ज्या वस्तीची नावे वृत्तपत्रांत बहुधा गोळीबाराच्या बातम्यांत येत, तिला ही बारा-तेरा वर्षांची मुले भूषण वाटली.

मग शेजारच्या लीगमधील एका पदाधिकाऱ्याने तक्रार केली. चौकशीत आढळले की लीगच्या चालकांनी हद्दीचा नकाशा खोटा केला होता. शेजारच्या लीगचा मुलूख आपल्या रेषेत ओढून तेथील मुले संघात घेतली होती, आणि हे अंगाशी येणार असे दिसताच त्या शेजारच्या लीगना भेटून संमती मिळविण्याची खटपट केली होती. ११ फेब्रुवारी २०१५ रोजी संघाचे सर्व विजय रद्द झाले, व्यवस्थापकाला निलंबित करण्यात आले, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद माउंटन रिजकडे गेले. शिकागोत संताप उसळला. शहराच्या महापौरांपासून अनेकांनी निर्णय फिरविण्याची विनंती केली. मुलांनी फसविले नाही, नकाशा त्यांनी काढला नाही, मग त्यांची पदके का हिरावता, हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला.

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. ज्या मुलांनी शिवेच्या आत राहून खेळ केला आणि या संघाकडून हार खाल्ली, तीही मुलेच होती. त्यांनाही वर्षात एकच उन्हाळा आणि आयुष्यात एकच बारावे वर्ष होते. विजय कायम ठेवला असता तर त्यांच्यावर अन्याय. रद्द केला तर शिकागोच्या मुलांवर. नकाशावर खोटी रेघ ओढणाऱ्या प्रौढ माणसाने दोन्ही बाजूंच्या मुलांना एकाच वेळी लुबाडले होते, आणि असा गुन्हा उघडकीस आल्यावर कोणताही निर्णय पुरता न्याय्य होऊच शकत नाही. म्हणून माझ्या मते खरा बंदोबस्त आधी व्हावयास हवा. नकाशा स्पर्धेनंतर नव्हे, स्पर्धेपूर्वी तपासला गेला पाहिजे; शेजाऱ्यांच्या सह्या जिंकण्याआधी झाल्या पाहिजेत; आणि दंड पडावयाचा तर तो प्रथम व्यवस्थापकावर पडावा, तोही असा की पुढच्याला जरब बसेल.

या साऱ्या इतिहासातून निष्पन्न काय होते? शिवेचा नियम वाईट नाही. लहान गावाला मोठ्या शहरासमोर उभे राहण्याचे बळ त्याने दिले, आणि मिनेसोटाची खेडी आजही खेळत आहेत ती काही अंशी त्याच्याच आधारावर. पण तो नियम साधन आहे. त्याचा हेतू एवढाच की, जिंकल्यावर ‘आपण’ हा शब्द उच्चारताना जीभ अडखळू नये. सिन्सिनाटीची जीभ १८७० मध्ये अडखळली, झांबोआंगाची १९९२ मध्ये. बर्था गावातील माणसे मात्र परप्रांताहून आलेल्या डोनाल्डसनला निःशंक ‘आमचा’ म्हणू शकली, कारण त्यांनी त्याला पत्ता खोटा लिहावयास लावले नव्हते. तो कोण आणि कोठला हे सर्वांसमक्ष सांगून त्याला मैदानावर उभे केले होते. परका माणूस उघडपणे आपला करता येतो. चोरून मात्र शेजारचे पोरही आपले होत नाही. नकाशा कोणीही काढो, त्यावरील रेघ खरी ठेवण्याचे काम मुलांचे नाही. ते गावातील वडीलधाऱ्यांचे आहे.